पानफुटी, पण पाणी बेताने

आमच्या सोलापुरात घरी झाड लावायचे म्हटले की पहिला प्रश्न झाडाचा नसतो, पाण्याचा असतो. नळाला पाणी कधी चौथ्या दिवशी येते, कधी पाचव्या, आणि मे महिन्यात त्याहूनही उशिरा. त्या दिवशी फजरच्या आधीपासून गल्लीत मोटारींचा आवाज सुरू होतो. पिंप, हंडे, घागरी, बादल्या, जे हाती लागेल ते भरून घ्यायचे आणि पुढचे चार-पाच दिवस तांब्या-तांब्याचा हिशेब ठेवायचा. अशा घरात गुलाबाच्या कुंडीला रोज पाणी घालणाऱ्या सुनेकडे सासू जरा वेगळ्याच नजरेने पाहते. ती नजर आम्ही झेललेली आहे. आमचा गुलाबही वाचला नाही, ही गोष्ट वेगळी.

आमच्या सासूबाईंची, म्हणजे अम्मींची, ओट्यावरची कुंडी मात्र आम्ही या घरात आलो तेव्हापासून हिरवीच पाहिली. जाड, गुबगुबीत पाने, पानांच्या कडांना करवतीसारखे दाते आणि त्या कडेवर जांभळट लाल रेघ. झाड म्हणजे पानफुटी. ही काही महागाची वस्तू नाही. नर्सरीत जाऊन विकत आणलेली पानफुटी आम्ही तरी कुणाकडे पाहिली नाही. शेजारणीकडून एक पान मागून आणायचे, एवढेच.

2018 साली अम्मी आणि अब्बा हजला गेले. जाताना अम्मींनी घराच्या चाव्या, गव्हाचा डबा, दूधवाल्याचा हिशेब सगळे समजावून सांगितले. कुंडीबद्दल एक शब्द बोलल्या नाहीत. आम्हाला वाटले, गडबडीत विसरल्या असतील. मग काय, अम्मींचे झाड सुकता कामा नये म्हणून घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात जबाबदार झाला. आम्ही सकाळी शाळेला निघताना तांब्याभर पाणी घालत असू. दीर कामावरून आल्यावर घालत. मुले वुजू झाली की उरलेले पाणी कुंडीत ओतत. कुणी कुणाला सांगितले नाही. त्यात पावसाळ्याचे दिवस. तिसऱ्या आठवड्यात खोड बुडाशी काळे पडले, बोट लावले तर मऊ लागले. पाने पिवळी होऊन गळू लागली. आम्हाला वाटले, पाणी कमी पडते आहे. आम्ही आणखी घातले.

अम्मी परतल्या. मुसाफा झाला, जमजम आणि खजूर वाटून झाले, पाहुणे गेले आणि मग त्या ओट्यावर गेल्या. कुंडीत नुसती चिखलासारखी माती होती. त्यांनी एवढेच विचारले, "इसकू कोन डुबाया?"

घरात सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिले. उत्तर एकाचे नव्हतेच. नशीब असे, की धाकट्याने गळून पडलेले एक पान उचलून उर्दूच्या पुस्तकात ठेवले होते. मुलांचा हा जुना खेळ आहे, आम्हीही लहानपणी खेळलो आहोत. त्याने पुस्तक उघडून दाखवले. पान थोडे सुरकुतले होते, पण त्याच्या दात्यांच्या खाचांतून तीन इवलीशी रोपे बाहेर आली होती, केसाएवढ्या मुळांसह. माती नाही, पाणी नाही, आणि दोन धड्यांच्या मध्ये दाबून ठेवलेले पान. आज ओट्यावर जी कुंडी आहे ती त्याच पानाची.

तेव्हापासून आम्ही या झाडाकडे जरा अभ्यासाने पाहू लागलो. शाळेत पाचवी-सहावीला पानापासून नवे रोप होते याचे उदाहरण म्हणून पानफुटी शिकवतोच, पण शिकवणे वेगळे आणि पाहणे वेगळे.

नावेच पाहा. मराठीत पानफुटी किंवा पर्णबीज. काही भागांत घायमारी. हिंदीत पत्थरचट्टा. आणि युनानी हकिमांच्या उर्दूत जख्म-ए-हयात. शेवटचे नाव आम्हाला फार आवडते. जख्म म्हणजे घाव, हयात म्हणजे जीवन. पान झाडाला लागलेले असते तोपर्यंत त्याच्या खाचांमधले कोंब झोपलेले असतात, कारण झाडाच्या शेंड्याकडून आणि खोडाकडून त्यांना थांबवणारे रासायनिक संदेश मिळत राहतात. पान तुटले की तो हुकूम थांबतो आणि कोंब जागे होतात. मूळचे झाड मादागास्कर बेटावरचे. माणसांच्या हातून फिरत फिरत ते सगळ्या उष्ण देशांत पोहोचले आणि आपल्याकडे तर असे रुजले की खेड्यातली म्हातारी माणसे ते इथलेच समजतात.

आता पाण्याचे गुपित. साधारण झाडे दिवसा पानांवरची बारीक छिद्रे, म्हणजे पर्णरंध्रे, उघडतात आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड आत घेतात. पण छिद्र उघडले की आतली ओल बाहेर जाते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 अंशांवर असतो. तेव्हा दुपारी छिद्रे उघडी ठेवणे म्हणजे उन्हात पाण्याचा हंडा उघडा ठेवण्यासारखेच. पानफुटी दिवसा छिद्रे बहुतांशी मिटून घेते. ती रात्री, हवा थंड झाल्यावर उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेते आणि तो मॅलिक आम्लाच्या रूपात साठवते. सफरचंदाच्या आंबटपणात जे असते तेच हे आम्ल. सकाळी ऊन आले की दारे बंद करून, रात्रीच्या साठ्यावर आपले अन्न बनवते. म्हणून तिची पाने पहाटे आंबट असतात आणि दुपारनंतर आंबटपणा उरत नाही.

ही गोष्ट प्रथम लिहून ठेवणारा माणूस हिंदुस्थानात नोकरी केलेला होता. बेंजामिन हेन नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत मद्रास इलाख्यात होता. याच झाडाचे पान सकाळी चुक्यासारखे आंबट लागते, दुपारी बेचव आणि संध्याकाळी किंचित कडू, असे त्याने 1813 च्या एका पत्रात लिहिले. ते पत्र 1815 मध्ये लंडनच्या लिनियन सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले. त्याचा खरा अर्थ उलगडायला पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. आज निवडुंग, अननस, कोरफड अशा कितीतरी झाडांमध्ये हीच रीत सापडली आहे आणि शास्त्रात तिला पानफुटीच्याच कुळाचे, क्रॅसुलेसीचे, नाव दिले आहे.

आम्ही वर्गात मुलांना पान चाखू दिले नाही. त्याचे कारण पुढे येईल. पीएच कागद वापरला. सकाळची शाळा भरण्याआधी तोडलेल्या पानाचा रस आणि आदल्या दिवशी उन्हात तोडलेल्या पानाचा रस, दोन्हींचे थेंब शेजारी शेजारी. सकाळच्या थेंबाने कागद अधिक लालसर झाला. एका मुलीने लगेच विचारले, "टीचर, म्हणजे हे झाड रात्री जागतं का?" शास्त्राच्या भाषेत उत्तर देता आले असते, पण आम्ही "हो" म्हटले. चूक नाही ते.

थोडे विषयांतर करतो. जर्मनीचा महाकवी गटे याला या झाडाचा इतका शौक होता की तो आपल्या मित्रमंडळींना त्याची पाने पाठवत असे. मारिआने फॉन विलेमर या त्याच्या स्नेहीणीलाही त्याने पान पाठवले. ही तीच मारिआने, जिच्या सहवासाची छाया गटेच्या 1819 सालच्या 'पश्चिम-पूर्व दिवाण' या काव्यसंग्रहावर आहे. आणि तो संग्रह त्याने लिहिला शिराजच्या हाफिजचे जर्मन भाषांतर वाचून भारावल्यावर. हाफिजला आपल्या दख्खनच्या बहमनी दरबारातून बोलावणे गेले होते, तो निघालाही, पण समुद्रातले वादळ पाहून परत फिरला, असे फरिश्ता आपल्या इतिहासात सांगतो. तेव्हा बहमनींची राजधानी होती गुलबर्गा, आमच्या सोलापूरहून रेल्वेने दोन तासांवर. ओट्यावरच्या कुंडीचे धागे असे कुठून कुठे जातात. असो.

आता कामाचे बोलू.

पानफुटी मरते ती बहुतेक वेळा पाण्याने. त्याला आपली माती मदत करते. सोलापूर जिल्ह्याची काळी माती पाणी धरून ठेवते. पावसाळा संपल्यावर त्या ओलीवरच मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी उभी राहते. जिल्ह्यात वर्षाला जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, तरी ज्वारी येते ती या मातीमुळे. पण जी माती ज्वारीला तारते तीच कुंडीतल्या पानफुटीला मारते. ज्वारीला पाणी मातीने साठवून द्यावे लागते. पानफुटी ते स्वतःच्या पानांत साठवते. दोघांनी साठवले की मुळे कुजतात. म्हणून नुसती काळी माती कुंडीत भरू नका. एक वाटा माती, एक वाटा बारीक मुरूम किंवा जाड वाळू, आणि एक वाटा चांगले कुजलेले शेणखत. बांधकामावरची विटांची चुरी मिळाली तर तीही चालते. कुंभाराकडची मातीची कुंडी प्लास्टिकच्या कुंडीपेक्षा केव्हाही बरी, कारण तिच्या अंगातून ओल उडून जाते. सात-आठ इंचांची कुंडी पुरे. बुडाला भोक हवेच हवे, त्यावर फुटक्या कुंडीची खापरी पालथी ठेवा. रंगाचा जुना डबा वापरणार असाल तर खिळ्याने चार-पाच भोके पाडून घ्या.

लावायची कशी? निरोगी, पूर्ण वाढलेले पान देठापासून तोडा. दोन दिवस सावलीत तसेच राहू द्या, म्हणजे देठाचा घाव सुकेल. मग ओलसर मातीवर आडवे ठेवा. पुरू नका. हवे तर एक लहान खडा ठेवा, वाऱ्याने उडू नये म्हणून. दहा-पंधरा दिवसांत खाचांमधून मुळे आणि मग पाने दिसू लागतात. रोपे दोन बोटे उंच झाली की वेगळी करा. जुने पान सुकून जाते, ते ओढून काढण्याची घाई नको. रोपांना तोच शिधा असतो.

पाणी किती दिवसांनी, हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. दिवस मोजण्यापेक्षा बोट घाला. मातीत दोन पेरे बोट घातल्यावर ओल लागली तर पाणी नको. पानही सांगते: भरलेले असेल तर टणक लागते, तहानलेले असेल तर मऊ होते आणि बारीक सुरकुत्या पडतात. आमचा अनुभव विचाराल तर उन्हाळ्यात नळाला पाणी येते त्या दिवशी एकदा, थंडीत दहा-बारा दिवसांनी, आणि पावसाळ्यात कुंडी पत्र्याखाली ओढून ठेवली की जवळजवळ नाहीच. द्यायचे तेव्हा भोकातून बाहेर येईपर्यंत द्यायचे, आणि मग विसरायचे. रोज घोटभर देणे ही सगळ्यांत वाईट सवय.

वुजूचे पाणी चालते. बसून वुजू करताना समोर घमेले ठेवले तर पाणी जमते, त्यात साबण नसतो, झाडाला काही इजा होत नाही. पण घरात पाच नमाजी असतील तर ते पाणी एकट्या पानफुटीला नको. कढीपत्ता, पुदिना, मोगरा यांना वाटून द्या. बोअरचे पाणी सतत वापरले तर कुंडीच्या कडेला पांढरा थर चढतो. तो क्षाराचा असतो. वर्षातून एकदा चांगल्या पावसात कुंडी बाहेर ठेवून धुऊन निघू द्यावी. आणि कुंडीखालच्या बशीत पाणी साचू देऊ नका. आपल्या घरांत आधीच चार-चार दिवसांचे पाणी भरलेले असते, डासांना आणखी एक घर कशाला?

ऊन सकाळचे भरपूर द्या. एप्रिल-मेमध्ये पश्चिमेच्या भिंतीशी किंवा पत्र्याच्या छपरावर ठेवलेली कुंडी खालून-वरून भाजते, तेवढी हलवा. कडक उन्हात पाने लालसर होतात, त्याने घाबरू नये. उलट खोड लांबलचक होऊन वाकले, दोन पानांमधले अंतर वाढले, तर समजावे की उजेड कमी पडतो आहे. पानांच्या बगलेत कापसासारखे पांढरे काही दिसले तर तो पिठ्या ढेकूण; साबणाच्या पाण्यात कापड बुडवून पुसून काढा. आणि खोड बुडाशी काळे पडलेच, तर पाणी घालून ते बरे होणार नाही, हे आमच्याकडून ऐका. वरचा निरोगी शेंडा कापून घ्या, दोन दिवस सुकवा, नव्या मातीत लावा. बुडखा टाकून द्या.

रात्री मोठ्या होऊ लागल्या की हे झाड कळ्या धरते आणि थंडी सरता सरता मोठ्या झाडाला लांब दांड्यावर कंदिलासारखी लोंबती फुले येतात, हिरवट-लालसर. मुले कळ्या दोन बोटांत दाबून फट्‌कन फोडतात. शिंजीर पक्षी मधासाठी येतात. रात्रभर दिव्याच्या उजेडात असलेल्या कुंडीला मात्र फुले येत नाहीत असे होऊ शकते. तिला काळोखी, लांब रात्र लागते.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

आमच्या खालाजान सोलापूरच्याच. जन्म विडी वळण्यात गेला, दिवसभर बसून काम, पाणी पिणे कमी. उन्हाळ्यात कमरेत कळ आली. कुणीतरी मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखवला: पत्थरचट्ट्याची दोन पाने रोज उपाशीपोटी खा, मुतखडा विरघळून जातो. झाड दारातच होते, आमच्याच कुंडीतले पान नेऊन लावलेले. त्यांनी खाल्ली. कळ थांबली. मग तीन महिने खातच राहिल्या, सोनोग्राफीचे नाव काढले की "आता दुखत नाही ना" म्हणून उडवून लावत. एक दिवस थंडी वाजून ताप भरला. तपासले तेव्हा कळले, खडा विरघळला नव्हता. मूत्रनळीत जाऊन अडकला होता आणि वर मूत्रपिंड सुजले होते. शस्त्रक्रिया झाली, अल्लाहच्या मेहेरबानीने त्या बऱ्या आहेत. डॉक्टर आमच्यावर रागावले ते बरोबरच होते. दुखणे थांबले म्हणजे खडा गेला, असे नसते. अडकून बसलेला खडा कधी कधी मुकाट्याने मूत्रपिंड खराब करतो.

पत्थरचट्टा, पाषाणभेद ही नावे निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या झाडांना दिली जातात, ही आणखी एक अडचण. वैद्य-हकीम ज्याला पाषाणभेद म्हणतात ते बहुधा हिमालयातले वेगळेच झाड असते. पानफुटीच्या रसावर प्रयोगशाळांत संशोधन झाले आहे, होतही आहे. पण या झाडात, आणि विशेषतः फुलांत, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी बुफाडायनोलाइड नावाची द्रव्ये असतात. हृदयविकाराची औषधे चालू असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि लहान मुलांनी तर हे पोटात घेऊच नये. इतरांनीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

आणि बकरी ईदच्या आधी एक सूचना. ऑस्ट्रेलियात पानफुटीच्या कुळातली झाडे, विशेषतः फुलोऱ्यात आलेली, खाऊन गुरे दगावल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे कुर्बानीचा बकरा आठ-पंधरा दिवस आधी आणतात आणि जागेअभावी ओट्यावरच बांधतात, जिथे कुंड्या असतात. दोर एक हात लांब असला तरी पुरतो. कुंडी आत घ्या किंवा उंचावर ठेवा. लांबट, टोकदार पानांची आणि पानाच्या कडेवर झाडावर असतानाच शेकडो पिल्ले धरणारी एक जात हल्ली बाल्कनीतून दिसते, ती तर अधिक विषारी आणि एकदा जमिनीत उतरली की आवरत नाही. ती घेऊच नका.

खालाजाननी झाड काढून टाकले का, असे आम्हाला अनेकांनी विचारले. नाही काढले. त्या म्हणतात, चूक झाडाची नव्हती. फुले आली की आम्हाला निरोप येतो.

मार्चमध्ये, शाळेला सुट्टी लागण्याआधी, आम्ही वर्गातल्या प्रत्येक मुलाला एक पान देतो. जूनमध्ये कुणी रोप घेऊन येते, कुणी कारण घेऊन येते. रोप मेलेल्यांना आम्ही एकच प्रश्न विचारतो: घरात पाणी घालणारे किती जण होते? उत्तर बहुधा दोनपेक्षा जास्त असते.

आमच्या घरी आता नियम आहे. पाणी घालणारा माणूस एकच, आणि तो अम्मी ठरवतात. पाणी घातले की कुंडीवर खडूने तारीख लिहायची, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मनात माया दाटली तरी हात थांबतो. आज हे लिहिता लिहिता उठून पाहिले. तारीख नऊ दिवसांपूर्वीची आहे. पान दाबून पाहिले. अजून टणक आहे.